दारं धरणारी

आवाज बंद करा आणि फक्त हात बघा. अकरावीच्या वर्गात समाजशास्त्राच्या तासाला मी मुलांना सगळ्यात आधी हेच सांगते. पुस्तकातल्या व्याख्या नंतर येतात आणि परीक्षा झाली की विसरूनही जातात. हात बघायची सवय मात्र काहींना लागते ती लागतेच.

पूर्वी प्रकल्प म्हणजे कात्रणं चिकटवलेल्या फायली यायच्या. स्त्री-पुरुष समानता या विषयावर तर प्रत्येक फायलीत तेच एक तराजूचं चित्र. ते तपासून मी इतकी वैतागले की एका वर्षी फायली बंदच केल्या आणि मुलांना जुन्या शैक्षणिक चित्रपटांकडे वळवलं. सरकारी गाडी गावात यायची, देवळापुढं पांढरा पडदा लागायचा आणि दात कसे घासावेत, विहिरीत औषध का टाकावं, मुलांना काय खायला द्यावं असलं काहीबाही दाखवायचे, ते चित्रपट. आता ते कुणी ना कुणी इंटरनेटवर टाकून ठेवलेत. मुलांनी त्यातला एक निवडायचा, आवाज बंद करून बघायचा, बाईच्या हातात काय आहे आणि पुरुषाच्या हातात काय आहे ते टिपायचं, आणि मग त्याचेच तुकडे मोबाइलवर जोडून त्यावर स्वतःचं निवेदन द्यायचं. पोरं खूश झाली. मोबाइल वापरायला मॅडमच सांगतात म्हटल्यावर कोण नाराज होणार?

आणि पोरं बघतातही छान. दात घासायच्या चित्रपटात आई टॉवेल घेऊन उभी असते आणि बाप वर्तमानपत्र वाचत असतो. एका पोरानं शोधून काढलं की चित्रपट संपेपर्यंत बापाच्या हातातलं पान एकदाही उलटत नाही. वर्ग हसून हसून लोळला. मीही हसले. त्या चित्रपटांच्या निवेदकाचा मला पहिल्यापासून राग आहे. प्रत्येक चित्रपटात तो एकच माणूस असावा असा आवाज, भरपेट जेवून बोलायला बसल्यासारखा. सगळ्यांची सगळी माहिती त्याला असते, आणि समोरच्या बाईनं तोंड उघडायच्या आत तिचं म्हणणं तोच सांगून मोकळा होतो.

त्या वर्षी वर्गात पश्चिमेकडच्या डोंगरातल्या मढची एक मुलगी होती. घरी भातखाचरं, थोडी नाचणी. ही इथे तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहायची. बोलायला कमी, बघायला जास्त. तिनं निवडलेला चित्रपट शेतीच्या पाण्यावरचा होता. पाणी वाया घालवू नये, वाफे नीट बांधावेत, रोपांना बेतानं पाणी द्यावं, अशी शिकवण. तिनं तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, यातली बाई काहीच करत नाही मॅडम, नुसती दारात उभी आहे. यावर बोलायचं काय?

मी बघितलं. कौलारू घर, तेल पाजलेली चौकट, चौकटीवर हात ठेवून एक तरुण बाई रस्त्याकडे बघत उभी. निवेदक सांगतोय की घरधनी शेतात कष्ट करतो आणि गृहिणी दारात उभी राहून त्याची वाट पाहते.

ती माझी आत्या होती.

मी मुलीला काही बोलले नाही. मोबाइल परत दिला आणि प्रकल्प चांगला होईल म्हणाले. तो चित्रपट जगात अजून शिल्लक असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या घरात तर आत्यापुढं त्याचं नावही काढायची सोय नव्हती.

निरगुडसरला आमचा मळा. वडील पिंपरीला कंपनीत होते, सुट्टीला घरी यायचे. आई घर, गुरं आणि आम्ही दोघं भावंडं बघायची. मळा बघायची आत्या. ओझरजवळच्या एका गावी तिला दिली होती. नवऱ्यानं वर्ष-दोन वर्षांत दुसरी बाई घरात आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. ती परत आली तेव्हा आजोबा खाटेला खिळलेले होते आणि शेताला माणूस नव्हतं. आल्यानंतरच्या उन्हाळ्यातच तिनं खोरं हातात घेतलं. कांद्याला पाणी देताना ती दिसली की मला ती घरातल्यापेक्षा उंच वाटायची. कासोटा घट्ट मारलेला, पायाच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि इंजिन बंद पडलं की तोंडातून अशी काही शिवी की मी कानावर हात ठेवायचं नाटक करायचे.

चित्रीकरण झालं तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मला ते बघायला मिळालं नाही. पडद्यावर दाखवला तो दिवस मात्र आठवतो. देवळापुढं आम्ही पोरं पुढच्या रांगेत पोत्यावर बसलो होतो. पडद्यावर आत्या आली आणि मी उठून उभी राहून टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी खाली बस म्हणालं. मग पडद्यावर खोरं खांद्यावर टाकून घरधनी आला. तो म्हणजे गावातलाच एक जण, जत्रेतल्या नाटकात राजाचं काम करणारा. तो दारात आला, आत्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं, आणि सगळं गाव फिस्स करून हसलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर बायका तिला विचारायला लागल्या, काय गं, आले का मालक शेतातनं? थट्टाच ती, पण नवऱ्यानं टाकलेल्या बाईची थट्टा म्हणजे थट्टा राहत नाही. त्याच सुमाराला तिला परत नांदवायचं म्हणून दोन्हीकडची मंडळी बसून बोलत होती. नवरा न्यायला येतो म्हणाला होता. तारखा पुढे ढकलत होता, पण नाही म्हणाला नव्हता. मग ती गाडी तो पडदा घेऊन त्यांच्याही गावात गेली. तिकडून निरोप आला, तुमच्या बाईला दुसरा घरधनी मिळालाय, तो आम्ही डोळ्यांनी बघितलाय, आता आम्हाला बोलावू नका. वडील मरेपर्यंत म्हणत राहिले की त्या शिनेमानं माझ्या बहिणीचं घर मोडलं. आत्या यावर कधीच काही बोलली नाही. कपाळाचं कुंकू आणि गळ्यातलं मणीमंगळसूत्र तिनं काढलं नाही आणि फोटोला परत उभी राहिली नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही ती नाही. फोटोवाला आला की ती चुलीपुढं जाऊन बसायची.

आता तिचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, चार पावलं चाललं की धाप. मंचरच्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधं चालू ठेवा, पण फार आशा धरू नका. आणि तिच्या सगळ्या आयुष्याची जगात एकच खूण होती, ती ही: दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याची बायको होऊन, रिकाम्या हातानं उभी. जिनं तो सबंध मळा पाण्यावर जगवला तिला पाण्यावरच्याच चित्रपटात दारात उभी केलेली. मला ते सहन होईना. ती आहे तोवर हे पुसायचं आणि तिच्याच आवाजात खरं काय ते त्यावर घालायचं, असं मी ठरवून टाकलं. तिला मात्र मी विचारलं नव्हतं.

चार-दोन दिवसांनी मढची मुलगी परत आली. सांगितल्याप्रमाणे आवाज बंद करून तिनं तो चित्रपट पुनःपुन्हा बघितला होता. म्हणाली, मॅडम, पाणी कोण वळवतंय? या माणसाच्या हातात खोरं आहे, पण ते खोरं हलत नाही. पाणी मात्र वळतंय. मग तिनं एका जागी चित्र थांबवलं आणि बोट ठेवलं. अगदी कडेला, अर्धवट कापलेले, चिखलात रुतलेले दोन पाय होते. पायांवर लुगड्याचा काठ होता.

तेव्हा मी तिला सांगितलं, ही माझी आत्या आहे. रविवारी आम्ही दोघी निरगुडसरला गेलो.

भावाचं घर आता मळ्यातच आहे. अंगणाला उंच जाळी, दिवेलागणीनंतर पोरांना बाहेर सोडायचं नाही, उसाच्या कडेला एकट्यानं जायचं नाही. बिबट्यामुळं सगळ्यांच्याच घरी आता हे नियम आहेत. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मुलीनं वाकून नमस्कार केला. आत्यानं तिला जवळ बसवून घेतलं, कुणाची, कुठली, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं, आणि मढ म्हटल्यावर म्हणाली, लई पावसाचा मुलूख बाई तुमचा. मी चित्रपटाचं काही काढलं नव्हतं. आधी जरा गप्पा होऊ द्याव्यात असा माझा विचार. मुलीनं मोबाइलवर आवाज टिपायला सुरुवात केली आणि सरळ विचारलं, आजी, तुम्ही शेतात काय काम करायच्या?

आत्या म्हणाली, "मी दारं धरायचे."

मुलगी गोंधळली. माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "दार? कोणाचं दार, आजी?"

मुलीचा काही दोष नव्हता. त्यांच्याकडे भात पावसावर येतं, पाटानं पाणी द्यायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायचं. त्या तोंडांना आम्ही दारं म्हणतो, आणि पाणी द्यायला जाणं म्हणजे दारं धरायला जाणं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. मी ते सांगायला तोंड उघडणार तोच आत्या हसायला लागली. शेंगांचं सूप मांडीवरून घसरलं, तिला धाप लागली, मी पाणी आणलं, तरी तिचं हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

शांत झाल्यावर ती मुलीला म्हणाली, "तू निदान इचारलंस तरी. त्या सायबानं ते बी नाय केलं. मी म्हनले दारं धरते, त्यानं निऊन दारात हुबी केली."

मी आत्याकडे बघतच राहिले. तिनं चित्रपटाबद्दल तोंड उघडलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

मग तिनं सगळं सांगितलं. जीपमधून मंडळी आली तेव्हा ती कांद्याला पाणी देत होती. साहेब पायाला चिखल लागू नये म्हणून बांधावरच थांबला आणि तिथूनच विचारलं, बाई, तुम्ही काय काम करता? तिनं काय ते सांगितलं. साहेब म्हणाला, वा, मग तेच करा. आणि तिला शेजारच्या मळ्यातल्या चांगल्या घरापाशी नेलं. ती खोरं घेऊनच गेली होती. साहेब म्हणाला, खोरं नको, हात चौकटीवर ठेवा. तिला वाटलं, शिनेमात असंच असत असेल. नंतर नाटकातल्या राजाच्या हाती खोरं दिलं. त्यानं आयुष्यात पाणी दिलं नव्हतं. पाणी बांधावरून फुटून रोपं वाहून जायला लागली तेव्हा साहेबानं तिला हाक मारली आणि सांगितलं, बाई, तुम्ही जरा वळवा, पण दिसू नका.

मुलगी हळूच म्हणाली, दिसलात आजी. पाय दिसले तुमचे. आणि तिनं मोबाइल पुढे केला.

आत्यानं हात पदराला पुसले. चष्मा लावला. मुलीनं सवयीनं आवाज बंद ठेवला होता. पाय दिसल्यावर आत्यानं मान हलवली, जुनं कुणी ओळखीचं भेटल्यावर हलवावी तशी. मग ते दार आलं. ती मोबाइलवर इतकी वाकली की तिचा चेहरा मला दिसेना.

मी इतके दिवस मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. हे किती खोटं आहे, तुला कसं यात निव्वळ वाट बघणारी बायको करून टाकलंय, हे आपण काढून टाकू, त्या जागी तुझे पाय ठेवू, तू बोल त्यावर. वर्गात बोलावं तसं बोलत होते मी. तिनं हातानं मला थांबवलं.

"त्ये काढू नको," ती म्हणाली. "त्ये खोटं न्हाई. पाय माझंच हायेत आन् त्ये बी माझंच हाय. सायेब म्हनला, नवरा येतोय आसं समजून रस्त्याकडं बघा. मला समजायचं कशापायी? तो त्याच आठवड्यात न्यायला येनार व्हता. मी खरंच बघत व्हते."

पलीकडच्या मळ्यात कुणाची तरी मोटर चालू होती.

मी विचारलं, मग त्या चित्रपटामुळं सगळं मोडलं, असं दादा म्हणायचे ते? आत्या म्हणाली, तुझ्या बापाला कुणावर तरी राग काढायचाच होता. यायचंच असतं तर त्या आठवड्यातच आला असता की. शिनेमा मागनं आला. त्याला निमित्त घावलं इतकंच. आणि मग मुलीला म्हणाली, परत लाव. मुलीनं परत लावलं. दार, चौकट, रस्त्याकडे लागलेले डोळे. मी तो चेहरा तेव्हा पहिल्यांदा बघितला. आवाज बंद करा आणि हात बघा असं आयुष्यभर सांगणारी मी, तिच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या चेहऱ्यावर इतकी उघडी, इतकी भाबडी आशा होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आम्ही निघालो तेव्हा ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. धाप लागत होती तरी आली. मुलगी पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "हाय का गं तो अजून?"

मी म्हटलं, बघते विचारून.

पुढच्या आठवड्यात ओझरला गेले. विघ्नहराचं दर्शन घेतलं, कारण काहीतरी निमित्त लागतं, आणि तिथून त्या गावात गेले. पारावरच्या चहावाल्याला नाव सांगून विचारलं. तो म्हणाला, ते का, ते जाऊन झाली की बरीच वर्षं. त्यांची बायको आहे, मुलं आहेत, टोमॅटोची बाग आहे, असं बरंच सांगितलं. पहिल्या बायकोचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. मग त्यानं चहाचा कप पुढे करत विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हटलं, ओळखीची.

घरी येऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, मला माहीत होतं ताई. तेव्हाच कळलं होतं. दादांनी सांगितलं होतं की तिच्यापुढं काढायचं नाही. मी चिडले. इतकी वर्षं तुम्ही तिला वाट बघायला लावलीत, म्हटलं. तो म्हणाला, "मग सांग ना तू. मी काय तुझं तोंड धरलं न्हाई. रोज सकाळी ती आरसा घेऊन कुंकू लावती. त्ये पुसायला कोन सांगनार तिला? तू सांगशील?"

रविवारी मळ्यात गेलो तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या आत्यानं परत विचारलं, कळलं का काही? कपाळावरचं कुंकू नुकतं लावलेलं, ओलसर होतं. स्त्रीच्या कपाळाचा पुरुषाच्या जगण्या-मरण्याशी संबंध काय, यावर मी वर्गात तासभर बोलू शकते; बोललेही आहे. तिला मी म्हटलं, आहे. बरा आहे. ती म्हणाली, आसू दे. आणि सूप पुढे ओढून शेंगा निवडायला लागली.

निवेदन त्याच दिवशी टिपलं. मुलगी चित्र दाखवत होती आणि आत्या बोलत होती. वाफे आले की वाफ्यांवर बोलली, नाटकातल्या राजावर बोलली तेव्हा मुलगी हसून लाल झाली. पाय आले तेव्हा म्हणाली, ह्ये माझं पाय. दार आलं आणि ती थांबली. मुलीनं मोबाइल धरून ठेवला. खूप वेळानं आत्या एवढंच बोलली, "हितं मी वाट बघतीय." पुढे काही बोलली नाही, आणि मुलीनंही विचारलं नाही.

थंडी सुरू झाली आणि आत्या गेली. दुपारी पडली ती उठलीच नाही. मळ्यात माणसं जमली. आत बायका कपाट उघडून बसल्या. वहिनीनं हिरवं लुगडं काढलं, हिरव्या बांगड्या मागवल्या; नवरा मागं आहे म्हणजे अहेव गेली, भाग्याची गेली, असं म्हातार्‍या एकमेकींना सांगत होत्या. तिची ओटी भरली, मळवट भरला. अंगणातून भाऊ माझ्याकडे बघत होता. मी बघत होते त्याच्याकडे. इतक्या माणसांत खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी पुढे होऊन तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ते भुवईवर सांडलं. कुणीतरी हातानं सारखं केलं. मी हमसाहमशी रडले. आत्या गेली म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं.

प्रकल्पांचं सादरीकरण झालं तेव्हा तिला जाऊन महिना होत आला होता. कॉलेजच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. टॉवेलवाली आई झाली, न उलटणारं वर्तमानपत्र झालं, पोरं खिदळली. मग मढच्या मुलीचा चित्रपट लागला. निवेदकाचा आवाज तिनं पूर्ण काढून टाकला होता. त्या जागी आत्या बोलत होती. आमच्या भागातली पोरं "दारं धरते" ऐकून लगेच समजली. पश्चिमेकडची एकमेकांना विचारत होती, दार म्हणजे? कडेचे पाय आले तेव्हा मुलीनं चित्र थांबवलं होतं, आणि सगळा हॉल ते दोन चिखलातले पाय बघत राहिला. ह्ये माझं पाय. कुणी हसलं नाही.

मग दार. मुलीनं ते काढलं नव्हतं, त्याच्यावर स्वतःचं एक अक्षरही घातलं नव्हतं. आत्या चौकटीला हात लावून रस्त्याकडे बघत होती. हितं मी वाट बघतीय. तिच्या श्वासाचा आवाज त्यात आला होता, तोही मुलीनं ठेवला होता. रस्त्यावरून खोरं घेऊन येणारा राजा तिनं कापून टाकला होता. आत्या बघत होती, बघत होती, आणि पडदा पांढरा झाला.

सतरंज्या सोडल्या, उजेड आला. प्रश्न विचारा म्हटलं. नेहमी पहिल्या बाकावरून प्रश्न येतात. या वेळी मागून एका मुलीनं हात वर केला, जी वर्षभरात वर्गात कधी बोलली नव्हती. तिनं उभं राहून विचारलं, "मॅडम, मग ते आले का?"

मढच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यापुढचं तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला कधी विचारलं नव्हतं. हॉलच्या दारात माझा भाऊ उभा होता, आत्याला पडद्यावर बघायला आलेला, चौकटीला हात लावून.

मी म्हटलं, "नाही. ते आले नाहीत."

आमच्या घरात आजवर कुणी हे मोठ्यानं बोललं नव्हतं. प्रश्न विचारणारी मुलगी खाली बसली.